ताप उतरला, पण आजार गेला का?

मगरिबच्या सुमारास मुलाला हुडहुडी भरते. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबत नाहीत. मग अंग तव्यासारखे तापते, रात्री घामाने कपडे भिजतात आणि फजरला पोर उठून चहा मागते. अम्मी अल्लाहचे आभार मानते आणि त्याला शाळेत पाठवते. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच हुडहुडी! पावसाळ्यात हे चित्र आपल्या कितीतरी घरांत दिसते. हा हिवताप, म्हणजे मलेरिया असू शकतो.

अशा रुग्णाला डॉक्टर कसे तपासतात? ते खालची पापणी ओढून पाहतात. हिवतापाचे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे पापणीची आतली बाजू फिकट पडते आणि कधी डोळ्यांत पिवळेपणा येतो. जीभ कोरडी आहे का, नाडी आणि श्वास किती जलद आहेत, हेही ते पाहतात. अंगावर पुरळ आहे का, हे तपासतात. हिवतापात ते सहसा नसते, म्हणून दिसले तर डेंग्यूचाही विचार करावा लागतो. मग रुग्णाला आडवे करून डाव्या बरगडीखाली हलकेच हात ठेवतात आणि खोल श्वास घ्यायला सांगतात. तिथे पानथरी असते. बिघडलेल्या रक्तपेशी गाळता गाळता ती सुजते आणि हाताला लागते.

ही तपासणी जुनी आहे. १८४० च्या दशकात डेम्पस्टर नावाच्या डॉक्टरने उत्तर हिंदुस्थानात कालव्यांकाठच्या गावांत किती जणांची पानथरी वाढली आहे हे मोजले आणि त्यावरून कुठे हिवताप किती, याचा अंदाज बांधला. हिवतापाचा जंतू तर १८८० साली लाव्हेराँ यांना प्रथम दिसला.

पण भगिनींनो, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पहिल्या काही दिवसांत पानथरी हाताला लागेलच असे नाही. दोन तापांच्या मधल्या दिवशी तर रुग्ण अगदी ठणठणीत दिसतो. फाल्सिपेरम हा जास्त घातक प्रकार तर दिवसाआडचा नियमही पाळत नाही. म्हणून नुसते अंग पाहून ‘हिवताप नाही’ असे कोणीच म्हणू नये. थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. पहिल्यांदा काही सापडले नाही आणि ताप पुन्हा आला, तर पुन्हा तपासावे.

मूल सुस्त पडले, बरळू लागले, झटके आले, दूध-पाणी पोटात ठरेना, धाप लागली, डोळे पिवळे झाले किंवा लघवी काळपट झाली, तर सकाळची वाट पाहू नका, तडक इस्पितळ गाठा. गरोदर बाईला ताप आला तरी उशीर नको. आणि पोट दुखते म्हणून तेल लावून चोळू नका. सुजलेली पानथरी नाजूक असते, ती फुटू शकते.

औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि पुरे करावे. व्हायवॅक्स प्रकारात काही जंतू यकृतात दडून राहतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन साधारणपणे १४ दिवस देतात. ताप तीन दिवसांत जातो, म्हणून उरलेल्या गोळ्या कपाटात पडून राहतात आणि काही महिन्यांनी तोच आजार परततो. हे औषध गरोदरपणात देत नाहीत, म्हणून दिवस गेले असतील तर संकोच न करता आधीच सांगावे.

दम करा, दुआ मागा. शिफा देणारा अल्लाहच आहे. पण आजार दिला तसा त्याने उपायही ठेवला आहे, तो शोधा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. आजारी लेकराच्या उशाशी दुआ करणाऱ्या अम्मीने सकाळी त्याचे बोट धरून दवाखान्यात नेणे, हाही त्या दुआचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.