भाडेकरू आणि भिंतींचा रंग

भाड्याच्या घरातील भिंतींचा रंग भाडेकरूला बदलू द्यावा काय? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु घर रिकामे करताना अनामत रकमेवरून होणारे तंटे पुष्कळदा येथूनच सुरू होतात. माझ्या मते परवानगी द्यावी, मात्र ती लेखी असावी.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्ये भाडेपट्ट्याचे तत्त्व सांगितले आहे : जागा घेतली त्या स्थितीत परत करावी, वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळावी. म्हणजे काळानुसार फिकटलेला रंग हा भाडेकरूचा दोष नव्हे. न विचारता दिलेल्या गडद रंगाचे उत्तर मात्र त्याला द्यावे लागेल.

आता हिशेब पाहू. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकर आकारताना, पालिकेचा कर वजा जाता, ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च झाला नसला तरी मिळते. ही सवलत घ्यावयाची आणि जुन्या रंगापोटी भाडेकरूची अनामतही कापावयाची, हा व्यवहार नीतीचा नव्हे.

म्हणून करारातच रंगाची छटा, खर्चाची जबाबदारी आणि घर सोडताना मूळ रंग द्यावा लागेल की नाही, हे नमूद करावे. ताबा देतानाची छायाचित्रे जोडावीत. काम पावसाळ्यानंतर करावे. ओलसर भिंतीवर रंग टिकत नाही, शिवाय जीवहिंसाही अधिक होते.

आपल्या धर्मात वस्तूवरील आसक्तीलाच परिग्रह मानले आहे. घराची मालकी आपल्याकडे राहतेच. तेथे नांदणाऱ्या कुटुंबाच्या आवडीपुढे आपल्या रंगाचा आग्रह सोडणे श्रावकाला जड जाऊ नये.