‘मुक्त उद्योगा’चे खरे स्वरूप

१ फेब्रुवारी २०२५ रोजी चंदीगडचे नफ्यात चालणारे सरकारी वीज खाते ८७१ कोटी रुपयांना गोएंका समूहाच्या कंपनीच्या हवाली करण्यात आले. अशा व्यवहारांना तात्त्विक वस्त्रे पुरविणारी भांडवलदारी विचारमंडळे सांगतात की, राज्यसंस्थेने बाजूला व्हावे व स्पर्धेला वाव द्यावा.

हा युक्तिवाद जुनाच आहे. त्याच्या प्रचारासाठी ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली मुंबईत ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही संस्था स्थापन केली. परंतु याच श्रॉफ यांची सही १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’वर आहे! टाटा-बिर्लांसह आठ जणांच्या त्या दहा हजार कोटींच्या योजनेत राज्यसंस्थेच्या हस्तक्षेपाची उघड मागणी होती. पायाभूत उद्योग उभारण्याचे बळ अंगी नव्हते, तोवर राज्यसंस्था हवी होती. जनतेच्या पैशाने खांब, तारा व उपकेंद्रे उभी राहताच ती अडचण ठरली.

आणि स्पर्धा कोठे आहे? चंदीगडच्या घरात येणारी तार आजही एकच आहे. मक्तेदारी तशीच राहिली, फक्त तिचा धनी बदलला.

राज्यसंस्था तरी बाजूला झाली काय? फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील वीज कामगारांनी ७२ तासांचा संप पुकारला, तेव्हा प्रशासनाने ‘एस्मा’ लावला. मालकाला मोकळीक आणि कामगाराला बेडी, हाच या ‘स्वातंत्र्या’चा अर्थ होय. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्राचे वीज कामगारही खासगीकरणाविरुद्ध संपावर उतरले. या दोन्ही लढ्यांचा धडा कष्टकरी जनतेपर्यंत नेणे हे आपले कर्तव्य आहे.