अम्मीच्या ताटातला भात

सकाळची शाळा आटोपून एका शनिवारी मी साताऱ्याहून एसटीने सांगलीला गेलो. अम्मीचा रिपोर्ट आला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सी ९.२. डॉक्टर म्हणाले, "भात-चपाती कमी करा, प्रोटीन वाढवा." परतताना रिक्षात अम्मीने विचारलं, "चावल छोड दिए तो खाऊँ क्या मैं?" मला हसू आलं. म्हटलं, घरात मटण येतं, अंडी येतात. मुसलमानाच्या घरात लो-कार्ब करायला काय अवघड आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर मिळालं. मटण अर्धा किलो, माणसं आठ. आधी मी, भाईजान आणि मुलं बसलो. मग भाभी आणि सगळ्यात शेवटी अम्मी. तिच्या ताटात भाताचा ढीग, त्यावर रस्सा, एक बटाटा आणि एक हाड. तुकडे आमच्या पोटात गेले होते. चाळीस वर्षं मी हे ताट बघतोय, पण ते मला दिसलं नव्हतं.

आहारावर आपल्याकडे बोलणं काही कमी होत नाही. २०१८च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या आहार पद्धतीने आमच्या शिक्षकांच्या खोलीतल्या डब्यांच्या वेळा बदलल्या होत्या. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून आलेला तो मार्ग. कडक भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, ५५ मिनिटांत जेवण संपवा. किती वेळा खायचं यावर त्यांचा भर. लो-कार्बवाल्यांचा भर काय खायचं यावर. पण दोघांनीही धरून चाललेलं असतं की ताटात काय पडणार हे खाणारा ठरवतो. अम्मी ते ठरवत नाही. ती उरलेलं खाते.

आणि उरतं काय? जे स्वस्त आणि पोटभरीचं असतं तेच. भात, चपाती, शिळी भाकरी. आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. हे झालं सरासरीचं. शेवटी जेवणाऱ्या बाईचं ताट बघून मला वाटतं, तिचा आकडा याहून वरच असणार.

आपल्या भागात एक गैरसमजही आहे. साखर निघाली की चपाती सोडून ज्वारीची भाकरी धरायची आणि निर्धास्त व्हायचं. ज्वारी चांगलीच आहे, पण १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं तिच्यातही असतातच, जवळजवळ गव्हाइतकी. दोन चपात्यांच्या जागी तीन भाकरी गेल्या तर हिशेब उलटा. गुळाच्या चहाचंही तेच. साखर कारखान्यांच्या मुलखातली आपण माणसं, पाहुण्याला कमी गोड चहा दिला तर आपल्यालाच ओशाळं वाटतं. पण दोन-दोन चमच्यांचे पाच कप म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर. दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर जास्त फायद्याचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून माझं मत असं की सुरुवात अम्मीच्या पथ्यापासून नको, वाढण्याच्या क्रमापासून हवी. आमच्या घरी आता तिची वाटी आधी काढून ठेवतात. मटण असेल तर दोन तुकडे, नसेल तर अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि मटणापुढे ते स्वस्तच. इतर दिवशी घट्ट डाळ, मटकीची उसळ, मेथी, मूठभर शेंगदाणे, ताक. भात एकच वाटी, तोही शेवटी. सगळं एका दिवसात केलं नाही. पहिल्या आठवड्यात फक्त चहातली साखर गेली आणि त्यावरूनच घरात सगळ्यात जास्त कुरकुर झाली, तीही भाईजानची.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना भात-चपाती अचानक तोडली तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही जाऊ शकते. आधी डोस बदलून घ्यायला हवा. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधीही विचारावं. मोबाइलवर बघून केटो वगैरे करणाऱ्यांनी हे जास्तच ध्यानात ठेवावं.

भाईजान म्हणाले, "अम्मीला आधी जेवायला कोण अडवतंय?" खरंय, कुणीच अडवत नाही. आधी बस असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं.

गेल्या रविवारी तिला आमच्याबरोबरच दस्तरखानावर बसवलं. वाटीत दोन तुकडे होते. मी पाणी आणायला उठलो आणि परत आलो तर एक तुकडा नातवाच्या ताटात. मी काही बोललो नाही. आत जाऊन अंडं उकडायला ठेवलं.