देवता नव्हे, परिचारिका

परिचारिका म्हटले, की ‘करुणेची मूर्ती’, ‘सेवेची देवता’ अशी विशेषणे सहज ओठांवर येतात. ही विशेषणे गौरवाची खरी; परंतु देवतेला वेतन लागत नाही, हुद्दा लागत नाही आणि विश्रांतीही लागत नाही! ऑस्ट्रेलियाच्या सैनिकी परिचारिकांचा इतिहास पाहिला म्हणजे अशा स्तुतीआड काय झाकले जाते, ते कळते.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) दोन हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन परिचारिका परदेशी गेल्या. किमान तीन वर्षांचे प्रशिक्षण आवश्यक होते. शिवाय उमेदवार अविवाहित वा विधवा असावी, असाही दंडक होता. १९१५ च्या ऑगस्टमध्ये ग्रेस विल्सन यांचे पथक गॅलिपोलीजवळच्या लेम्नॉस बेटावर पोहोचले, तेव्हा रुग्णालयाचे साहित्य आलेच नव्हते. जखमींना जमिनीवर निजवून पाणी पाजण्यापलीकडे प्रारंभी फारसे काही करता आले नाही. मेसोपोटेमियातील आजारी व जखमी सैनिक मुंबईला आणले जात. त्यांच्या शुश्रूषेसाठी १९१६ पासून पाचशेहून अधिक ऑस्ट्रेलियन परिचारिका भारतात आल्या. मुंबई-पुण्याच्या युद्धरुग्णालयांतही त्या राबल्या. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही.

१९१७ मध्ये फ्रान्समधील एका आघाडीलगतच्या रुग्णालयावर बॉम्ब पडले. त्या वेळी धैर्य दाखविणाऱ्या चौघींना ‘मिलिटरी मेडल’ मिळाले. हे पदक मुळात अधिकारी नसलेल्या सैनिकांचे. परिचारिकांना अधिकाऱ्याचा दर्जा होता, पण तो केवळ मानद! शौर्य मान्य, अधिकार मात्र अमान्य, हा न्याय कसला?

दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, सिंगापूरहून ६५ ऑस्ट्रेलियन परिचारिकांना घेऊन निघालेले ‘व्हायनर ब्रुक’ जहाज जपानी विमानांनी बुडविले. १२ जणी समुद्रात गेल्या. बांका बेटावर आलेल्या २२ जणींना जपानी सैनिकांनी पाण्यात चालावयास लावून पाठीमागून गोळ्या घातल्या. एकट्या व्हिव्हियन बुलविंकल वाचल्या. उरलेल्या ३२ जणींपैकी आठ जणी कैदेत मरण पावल्या. बुलविंकल यांनी १९४६ मध्ये टोकियोच्या न्यायाधिकरणापुढे साक्ष दिली. त्यांचा पुतळा कॅनबेरातील युद्धस्मारकात उभा राहिला, तो मात्र २०२३ मध्ये.

युद्धानंतर त्यांनी आपला व्यवसाय सोडला नाही. मेलबर्नच्या फेअरफील्ड रुग्णालयात त्या पुढे अनेक वर्षे मेट्रन होत्या.