तांदळासाठी बाटले?

छोटानागपूरच्या मुंडा-उरांवांबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. मिशनऱ्यांनी मूठभर तांदळावर भोळ्या आदिवासींना बाटवलं, ही एक. मिशनरी होते म्हणून ते जमीनदाराच्या तावडीतून सुटले, ही दुसरी. दोन्हींत आदिवासीला स्वतःची अक्कल म्हणून नाही.

आधी तांदूळ. गॉस्नर मिशनचे चार जर्मन १८४५ मध्ये रांचीला पोचले. पहिल्या चार उरांवांचा बाप्तिस्मा झाला १८५० मध्ये. आमिषाला भुलणारी माणसं पाच वर्षं कशाला थांबतील? संख्या खरी वाढली ती जमिनीचे तंटे पेटल्यावर. १८८५ मध्ये बेल्जियन जेझुइट कॉन्स्टंट लिवेन्स तोरपा भागात आला आणि गावंच्या गावं त्याच्याकडे वळली. त्याच्यापाशी कोर्टकचेरीची माहिती होती. तो सांगे: खंड भरा पण पावती घ्या, कायद्यात नसलेली वेठबिगार करू नका, खोटा दावा लावला तर लढा. जमीन राखायला गेलेल्यांना लोभी म्हणणारी आमची मंडळी स्वतःचा सातबारा मात्र कुलपात ठेवतात!

आता तारणहार. जमिनीसाठी लढणाऱ्या मुंडा पुढाऱ्यांनी, म्हणजे सरदारांनी, अर्जांवर अर्ज केले, मिशनने हात झटकले, तेव्हा पुष्कळ सरदारांनी मिशनलाच रामराम ठोकला. चाईबाशाच्या जर्मन मिशन शाळेत शिकलेला बिरसा मुंडाही त्याच वाटेने बाहेर पडला. सरनापूजा (पवित्र राईची पूजा), हंडिया (तांदळाची दारू), अखऱ्यातला (गावच्या नाचाच्या जागेतला) नाच हे सगळं मिशनच्या लेखी पाप होतं, तेही लोक विसरले नव्हते. १८९९ च्या नाताळात बिरसाच्या उलगुलानचे, म्हणजे बंडाचे, बाण सुटले ते मिशनांवरही. सरवदाच्या मिशनमधला फादर हॉफमन त्यांच्या टप्प्यात होता. ९ जून १९०० रोजी बिरसा रांचीच्या तुरुंगात वारला.

याच हॉफमनने पुढे मुंडांची खुंटकट्टी, म्हणजे जंगल तोडून शेत करणाऱ्या वंशाचा सामाईक हक्क, सरकारच्या गळी उतरवली. १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्यात त्याचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारणं कृतघ्नपणा ठरेल. पण सरकारचे कान उघडले होते बाणांनी. मुंडांनी मिशनकडे वकील म्हणून पाहिलं. वकील कामाचा असेतो ठेवला, नसेल तेव्हा सोडला.

२०१६ मध्ये झारखंड सरकार तोच कायदा सैल करायला निघालं, तेव्हा सरना मानणारे आणि ख्रिस्ती, दोघेही विरोधात उभे राहिले. २०१७ मध्ये राज्यपालांनी ते विधेयक परत पाठवलं.