सुई-दोऱ्याचा संस्कार

वऱ्हाड ही कपाशीची भूमी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा वऱ्हाडी कापसाला मोठी मागणी आली. त्याच अमरावती-अकोल्यातील सुशिक्षित घरांतल्या अनेक मुलांना आज सदऱ्याचे तुटलेले बटण लावता येत नाही. ही गोष्ट क्षुल्लक मानून चालणार नाही.

शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडून शिकण्याची शिफारस केली. परंतु 'कार्यानुभवा'च्या वस्तू पालकच रात्री जागून करीत असतील, तर वहीत गुण पडतील; हाताला गुण येणार कोठून?

आरंभ घरातूनच व्हावा. जुन्या सुती चादरीचा तुकडा घ्यावा. तोंडाकडच्या कडा दुमडून हेम घालावी, कापड उलटे करून मधोमध दुमडावे, दोन्ही बाजू उलट टिपेने शिवून सुलटे करावे आणि बंद लावावेत. पिशवी तयार! २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. तिला खरे बळ अशा पिशव्यांनीच येईल.

हे काम केवळ मुलींचे, ही समजूत मात्र आपणच सोडली पाहिजे. वाकडी शिवण उसवून पुन्हा घालताना अंगी येणारी चिकाटी मुलगा व मुलगी दोघांनाही हवी असते, आणि ती कोणत्याही शिकवणीत मिळत नाही.