दप्तरखाना : कार्यालयांचाही फेरफार लिहा

या आठवड्यात एका अभिलेख कक्षातली स्कॅन झालेल्या कागदांची यादी पाहिली आणि संताप आला. डोंबिवलीलगतच्या २७ गावांच्या बांधकाम परवानग्या, आणि कार्यालयाच्या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच नाव : महापालिका.

ही गावे १९८३ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली. मग ग्रामपंचायतींचा कारभार, २००६ पासून नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए), आणि २०१५ मध्ये पुन्हा महापालिका. २००९च्या परवानगीवर महापालिकेचे नाव घालणे ही धडधडीत चूक आहे.

सातबाऱ्यात ही चूक आपण खपवून घेतो का? जमिनीचा धारक बदलला की गाव नमुना सहामध्ये फेरफार पडतो. त्याला क्रमांक असतो, तारीख असते, कारण असते : खरेदी, वारस, वाटणी. मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. जुन्या नावाला कंस होतो, पण ते वाचता येते. फेरफारांचा माग काढत शेतकरी आजोबांपर्यंत पोहोचतो. ज्या कार्यालयाने एखादा कागद लिहिला, त्याची अशी वंशावळ मात्र कुठेच नाही.

आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेच्या ‘आयसार’ मानकाने १९९६ साली आणि सुधारून २००४ साली हेच सांगितले आहे. कागदाचे वर्णन वेगळे ठेवा, तो निर्माण करणाऱ्या संस्थेची नोंद वेगळी : अधिकृत नाव, आधीची नावे, अस्तित्वाचा काळ, अधिकारक्षेत्र, कामे, पूर्वसूरी आणि वारसदार. ही नोंद एकदा लिहिली की हजारो फायलींना जोडता येते. उदाहरणार्थ, ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. म्हणून आज पालघरमध्ये असलेल्या जव्हारविषयीचा २०१०चा आदेश ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचाच राहिला पाहिजे.

वर्णनाशिवाय स्कॅनिंग म्हणजे गठ्ठ्याची नुसती जागा बदलणे, हे माझे पालुपद वाचकांना पाठ आहे. तरी पुन्हा म्हणतो, कारण डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर ६५ इमारती उभ्या राहिल्या आणि पाडण्याच्या आदेशाचा घाव घर घेणाऱ्यांवर पडला. कोणत्या वर्षी, कोणत्या गावाला परवानगी देण्याचा अधिकार कोणाचा होता, हे घर घेणाऱ्याला घरबसल्या पाहता आले असते, तर काहींची आयुष्यभराची पुंजी वाचली असती असे मला ठामपणे वाटते.

स्कॅनिंगची पुढची निविदा काढण्याआधी ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या प्रत्येक कार्यालयाचा फेरफार लिहून काढा. ही माहिती आज जुन्या लिपिकांच्या डोक्यात आहे, आणि ते दरवर्षी निवृत्त होत आहेत.